नवा घोडा आला की पागेत मारामारी: दर वेळी हेच का होतं आणि आमच्याकडे ते कशानं थांबलं

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचा त्रास तोच आहे का हे कळेल.

नवं जनावर आणलं की पहिला दिवस बरा जातो. लांबून खिंकाळणं, मग नाकाला नाक लावून फुरफुर, मध्येच एखादा चिरका आवाज, आणि आपल्याला वाटतं, जमलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघावं तर नव्याच्या पुठ्ठ्यावर दातांचे व्रण, मांडीला लाथेची सूज आणि तो कोपऱ्यात तोंड घालून उभा. आपण त्याला बाहेर काढतो. आठ-दहा दिवस वेगळ्या ठाणावर बांधतो. जखमा सुकल्या की पुन्हा सोडतो, आणि पुन्हा तेच. शेवटी ‘हा घोडाच खोडीचा’ किंवा ‘आपली घोडीच खाष्ट’ असा निकाल लागतो आणि दोघांपैकी एक जण कायमचा दावणीला जातो.

आमच्याकडे हे चार वर्षांत तीनदा झालं. फलटण-बारामती पट्ट्यात आमची छोटी पागा आहे. घरची पाच जनावरं, आणि त्यांना मोकळं सोडायला कुंपण घातलेली जेमतेम दहा गुंठे जागा. तिसऱ्या वेळी आली ती रेवा. कुमैत म्हणजे लालसर-तपकिरी रंगाची, पाच वर्षांची घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, घोडं घेताना माणसं किती बारकाईनं बघतात. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का, चाल कशी, दात किती. आम्हीही हे सगळं पाहिलं. ही घोडी आजवर दुसऱ्या घोड्यांसोबत मोकळी राहिली आहे का, एवढंच विचारायचं राहिलं. ती राहिलेली नव्हती. शिंगरू असताना आईपासून तोडली ती आगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधूनच वाढवली होती. तिला घोड्यांची भाषा अर्धीच येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा मला हाक मारून म्हणाले, “ताई, हिची लीद बघा.” बारीक, कडक, कोरड्या गोळ्या, वर चकाकी आलेली. दुपारपर्यंत रेवा पोटाकडे वळून वळून बघायला लागली, मग पुढचा पाय घासायला लागली. पोटशूळ. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, औषध गेलं. रात्रभर आम्ही आळीपाळीनं तिच्याजवळ होतो. पहाटे तिनं लीद टाकली तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कारण मागाहून उमगलं. पाण्याचा हौद फाटकाजवळच्या कोपऱ्यात होता आणि त्या कोपऱ्यात आमची जुनी घोडी बिजली उभी असायची. तिनं रेवाला तिथे मारलं नव्हतं, फक्त कान पाडले होते. रेवा दोन दिवस जवळपास पाण्याविना राहिली, आणि अंगावर एकही मोठी जखम नाही म्हणून आम्ही समजत होतो की यंदा बरं चाललंय.

मारामारी कुठे होते, कधी होते

त्यानंतर मी एक काम केलं, ते तुम्हीही सगळ्यात आधी करा. बाज टाकून कुंपणाबाहेर बसले आणि चार दिवस वहीत लिहीत गेले: किती वाजता, कुठल्या जागी, कोण कोणावर गेलं. पानं मांडली तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. दिवसभर जवळजवळ काहीच घडत नव्हतं. चावे आणि लाथा संध्याकाळी चंदीच्या (दाण्याच्या खुराकाच्या) आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात होत होत्या, आणि दोनच जागी: फाटकाशी आणि हौदाच्या कोपऱ्यात. म्हणजे भांडण स्वभावाचं नव्हतं. भांडण त्या वेळेचं आणि त्या कोपऱ्याचं होतं. आम्ही मात्र तीनही वेळा घोडा बदलत राहिलो आणि कोपरा तसाच ठेवला.

यामागचं कारण घोड्याच्या बोलण्याच्या रीतीत आहे. घोड्याचं भांडण पायरीपायरीनं चढतं. आधी कान मागे जातात. मग मान खाली-पुढे येते, नाकपुड्यांच्या वर सुरकुत्या पडतात. मग दात दाखवून हवेतच चावा. त्यानंतर पुठ्ठा वळतो, एक मागचा पाय उचलला जातो, आणि अगदी शेवटी लाथ. ओळखीच्या कळपात बहुतेक वेळा गोष्ट कानावरच मिटते, कारण समोरचा दोन पावलं बाजूला होतो. बाजूला होणं हेच त्याचं उत्तर असतं. पण पाठीशी कुंपण, उजवीकडे हौद आणि डावीकडे फाटक असेल तर तो बाजूला होणार कुठे? बिजलीच्या दृष्टीनं रेवानं उत्तरच दिलेलं नसतं. मग ती पुढची पायरी चढते.

मारवाडी आणि काठेवाडी घोडी असलेल्यांसाठी इथे एक सूचना. यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, एकमेकांना टेकतात, आणि कान सगळीकडे फिरतात. नवख्याला टोकांकडे बघून अंदाज येत नाही. कानाचं मूळ बघा. मूळ मानेला चिकटलं असेल आणि जबडा आवळलेला असेल तर तो राग. मूळ सैल आणि कान नुसतेच मागे वळलेले असतील तर तो मागचा आवाज ऐकतोय. घोड्याच्या चेहऱ्यावरच्या स्नायूंच्या १७ वेगवेगळ्या हालचाली ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ साली नोंदवल्या. आपण त्यातल्या चार-पाच जरी ओळखायला शिकलो तरी लाथ पडण्याच्या आधी पुष्कळ वेळ हातात असतो.

दुसरं कारण पोटाचं. मोकळं घोडं दिवसाचे चौदा ते सोळा तास चरत असतं. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, खाणं असो वा नसो. आपण सकाळी एक पेंढी आणि संध्याकाळी चंदी देतो, मध्ये सहा-सात तास रिकामे. संध्याकाळी पाचला तोबऱ्याचा (चंदीच्या पिशवीचा) आवाज ऐकू आला की उपाशी जनावरं फाटकाशी दाटी करतात. त्या दाटीत नवखं जनावर सापडलं की लाथ ठरलेलीच.

‘म्होरकी घोडी’ या कल्पनेबद्दल

आपल्याकडे सर्रास ऐकू येतं की कळपात एक म्होरकी असते, तिनं नव्याला एकदा ‘जागा दाखवली’ की झालं, आपण मध्ये पडायचं नाही. हा सल्ला ऐकून मी दोनदा पस्तावले आहे. मोकळ्या राहणाऱ्या घोड्यांचं, विशेषतः मूळच्या मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की या रानटी घोड्यांचं, निरीक्षण केलेल्यांना दिसलं की कळप हलतो तेव्हा दर वेळी एकच जनावर पुढे नसतं. आज एक निघतं, उद्या दुसरं. वैरणीवरून सगळ्यांना हाकलणारी घोडी ही कळपाची पुढारी असतेच असं नाही.

आमच्याकडे तर हे डोळ्यांना दिसतं. बिजली सगळ्यांना हाकलते, पण दुपारी सावलीकडे जायची वेळ झाली की सगळे राजाच्या मागे जातात. राजा म्हणजे आमचा एकोणीस वर्षांचा खच्ची केलेला घोडा. तो कोणाला दात दाखवत नाही. त्याच्याशेजारी उभं राहायला कोणी भीत नाही. नव्या घोड्यासाठी सगळ्यात मोलाचं जनावर असं असतं.

मला सांगायचं आहे ते इतकंच: घोडा ‘कळपात’ रुळत नाही. तो आधी एका घोड्याशी रुळतो. मग त्या एकाच्या आडोशानं बाकीच्यांशी.

निसर्गातही नवखं जनावर अनोळखी सहा जणांच्या अंगणात एका संध्याकाळी उतरवलं जात नाही. एक नर, काही घोड्या आणि त्यांची पोरं असा घोळका वर्षानुवर्षं एकत्र राहतो. वयात आलेले नर बाहेर पडून आपला वेगळा घोळका करतात. घोळक्यातलं प्रत्येक जनावर दुसऱ्याचा कान किती अंशात हलला हे ओळखून असतं. आपण तेच काम दहा गुंठ्यांत, तीन दिवसांत मागतो.

रेवाच्या वेळी शेवटी काय केलं

आजारातून उठल्यावर तिला पुन्हा पहिल्या पायरीवर आणलं. पहिले तीन आठवडे वेगळं ठाण, शेताच्या दुसऱ्या टोकाला, पण बाकीची जनावरं दिसतील असं. हे विलगीकरण मुळात आल्या दिवसापासूनच करायला हवं होतं, आणि त्याचं पहिलं कारण रोग हे आहे. स्ट्रँगल्स, म्हणजे घशाजवळ गाठी येणारा संसर्ग, झालेल्या घोड्याला गाठी यायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. तोवर तो निरोगीच दिसतो. ग्लँडर्स हा जिवाणूंचा रोग तर माणसालाही होतो, आपल्या कायद्यानं तो कळवावाच लागतो आणि रक्त तपासल्याशिवाय पक्कं कळत नाही. यात्रेतून जनावर आणलं की पशुवैद्यकांकडून रक्ताचा नमुना पाठवून घ्या. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. अहवाल येईपर्यंत बादली, खरारा, म्होरकी (तोंडावर बांधायचा दोराचा पट्टा) सगळं वेगळं. धनुर्वाताची लस झाली आहे का हेही याच वेळी बघा, कारण पुढे एखादी लाथ लागणारच.

मग शेजार. मधलं कुंपण काटेरी तारेचं होतं, ते आधी काढलं आणि आडवे जाड वासे लावले. काटेरी तारेपलीकडून घोड्यांची ओळख करून देऊ नका. नाकाला नाक लावल्यावर पुढचा पाय आपटणं ही त्यांची रीतच आहे, आणि तो पाय तारेत गेला की कातडं सोलून निघतं. कुंपणापलीकडे फक्त राजाला ठेवला. स्वित्झर्लंडमध्ये कायद्यानं प्रत्येक घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला आणि त्याचा वास आला पाहिजे असं बंधन आहे. तिथे नर घोड्यांनाही उभ्या गजांमधून एकमेकांना खाजवता येईल असे कप्पे करून पाहिले आहेत. आपल्याला इतकं जमलं नाही तरी दोन वासे आणि एक शांत घोडा एवढं तर जमतं.

पहिल्या दिवशी दोघं कुंपणाशी आले. मान कमानीसारखी, शेपटी वर. नाकं जुळली, श्वास आत-बाहेर झाला, रेवानं किंकाळी फोडली आणि पाय आपटला. राजा तसाच उभा. मग त्यानं मान खाली घालून गवताची एक काडी उचलली. रेवा बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ती कुंपणाच्या अलीकडे आणि तो पलीकडे, असे एकाच पेंढीला दोन्हीकडून तोंड लावून खात होते. सहाव्या दिवशी दुपारी राजा कुंपणाला पाठ करून डुलकी घेत होता आणि रेवाही तिकडे पाठ करून एक मागचा पाय सैल सोडून उभी होती. मला हीच खूण हवी होती. घोड्यानं दुसऱ्याकडे पुठ्ठा करून पाय सैल सोडला, याचा अर्थ त्याला मागून भीती वाटत नाही.

तेव्हाच पीक निघून एक एकराचं मोकळं रान मिळालं. मोठी जागा नसेल तर शेजाऱ्याचं रान महिनाभर मागून घ्या, यावर मी ठाम आहे. नालबंदाला बोलावून सगळ्या जनावरांच्या मागच्या पायांचे नाल काढले. नाल नसलेल्या टापेनं सूज येते, नालासकट बसली तर हाड फुटतं. म्होरक्या काढल्या, कारण म्होरकीत दुसऱ्याचा पाय किंवा खांब अडकतो. सकाळी पोटभर लसूणघास आणि सुकं गवत घालून, नऊच्या सुमारास राजा आणि रेवाला दोघांनाच सोडलं. चंदीचा दाणासुद्धा त्या रानात नेला नाही. दोघांसाठी गवताचे तीन ढीग टाकले, एकमेकांपासून चांगले दहा-बारा पावलं लांब. कळपासाठीही हाच हिशोब: जनावरं जितकी, त्याहून एक-दोन ढीग जास्त. पाणी दोन ठिकाणी, आणि एकही जागा कोपऱ्यात नाही.

चार दिवसांनी तिसरा घोडा, मग चौथा. पाचवी घोडी. बिजली सगळ्यात शेवटी. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त कामाला आला. दादागिरी करणाऱ्या जनावराला आधी आठवडाभर बाहेर ठेवा आणि नव्यानं येणाऱ्यासारखं शेवटी आत सोडा. तोवर रेवाचं तिथे बस्तान बसलेलं असतं, तिला एक सोबती असतो, आणि बिजलीलाच थोडं अंदाज घेत यावं लागतं. ती आली, रेवाच्या मागे पंचवीस-तीस पावलं पळाली, थांबली, लीद टाकली आणि चरायला लागली. मामांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी राजा आणि रेवा उलटसुलट उभे राहून एकमेकांची आयाळ जिथे संपते तो उंचवटा दातांनी खाजवत होते. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात या नेमक्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं होतं. म्हणून खरारा करताना मीही आता तिथेच जास्त वेळ घालवते.

कधी थांबवायचं

किंकाळी, पाय आपटणं, दहा-वीस पावलं पाठलाग, केस उडालेले दोन-चार चावे, हे चालायचंच. यात पडू नका, आणि दोघांच्या मधे तर अजिबात जाऊ नका. पण पाठलाग थांबतच नसेल, पळणारा लांब गेला तरी दुसरा त्याला शोधून जात असेल, किंवा कोणी उलटं चालत येऊन दुगाण्या झाडत असेल, तर त्याच क्षणी वेगळं करा आणि कुंपणाच्या पायरीवर परत जा. गुडघा किंवा मागच्या पायाच्या सांध्याजवळची जखम कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सांध्यात पू झाला तर घोडं हातचं जातं.

न दिसणारे त्रासही बघा. नवा घोडा पाणी पितोय का? लीद ओली आहे का? तो आडवा होऊन झोपतो का? घोडं उभ्यानं डुलक्या काढतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि कोणीतरी राखण करतंय असा भरवसा नसेल तर ते आडवं होत नाही. पुढच्या पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर समोरून खरचटलेलं दिसलं तर विचार करा: बरेच दिवस न झोपल्यानं ते उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळत असेल.

आमच्या उपायात न बसणारी जनावरं

खच्ची न केलेला नर. आपल्याकडे नर घोडे क्वचितच खच्ची करतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. घोड्या असलेल्या कळपात दोन नर सोडू नका. नुसत्या नरांचा घोळका होऊ शकतो, पण त्याला मोठी जागा, घोड्यांपासून लांबचं अंतर आणि जाणकार माणूस लागतो. खच्ची केल्यावरही निदान सहा आठवडे थांबा. तोवर त्याच्याकडून गर्भ राहू शकतो आणि वागणंही लगेच बदलत नाही.

एकट्यानं वाढलेलं शिंगरू. आईविना बाटलीवर वाढलेलं शिंगरू माणसाला घोडा समजतं, लाडानं चावतं, लाथ मारतं, आणि घोड्यांत गेलं की मार खातं. नीट वाढलेलं शिंगरू मोठ्यासमोर मान लांबवून तोंड उघडझाप करतं, ‘मी लहान आहे’ असं सांगतं. एकट्या शिंगराला हा सराव मिळालेला नसतो. त्याला लवकरात लवकर एखादी संयमी म्हातारी घोडी सोबत द्या. हे काम माणसाच्यानं होत नाही.

आणि अतिजवळीक. राजाला रपेटीला नेलं की रेवा कुंपणाशी येरझाऱ्या घालून घामाघूम व्हायची. सोबती दिला की हे येणारच. आम्ही राजाला दोन मिनिटं नजरेआड नेऊन परत आणायला लागलो, रेवाजवळ दुसरी घोडी आणि गवत ठेवून. रेवानं गवतातून मान वर काढली नाही की दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायचो. दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायला पाच आठवडे लागले. मध्ये एकदा घाई करून पंधरा मिनिटं नेला आणि आठवडाभर मागे गेलो.

पुढच्या महिन्यात एक दोन वर्षांची सब्जी (करड्या-पांढऱ्या रंगाची) घोडी येते आहे. शेताच्या टोकाचं ठाण तयार आहे. जुन्या दहा गुंठ्यांच्या आवारात आम्ही चारही कोपऱ्यांत तिरके वासे टाकून कोन मोडले आहेत, हौद मधल्या भिंतीशी आणला आहे, आणि फाटकाऐवजी चंदी आता आत, प्रत्येकाच्या ठाणावर मिळते. बिजली पहिले काही दिवस पाच वाजता फाटकाशी जाऊन उभी राहायची. आता तीही जात नाही.